होडीच्या पोटात काय भरायचं

चामटोली,
१२ जानेवारी

चि. आकाशला आत्याचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायचं तर तुझ्या सोफ्याच्या दुकानात मशीन घरघरतं आणि इकडे माझे कान गेलेत. मागच्या खेपेला मी विचारलं जेवलास का, आणि तू सांगितलंस मंगळवारी डिलिव्हरी आहे. म्हणून कागदावर लिहिते. अंगणवाडीत सगळा जन्म रजिस्टरं भरण्यात गेला, हात अजून चालतो. तूही लिहूनच कळव.

ह्यांचा, म्हणजे तुझ्या मामांचा, उजवा हात-पाय दिवाळीपासून तसाच लुळा आहे. बोलणं एकेका शब्दाचं, तेही फार जोर लावून. बाकी डोकं लख्ख आहे, चहात साखर कमी पडली की लगेच कळतं. प्रीती म्हणते, पावसाच्या आधी दोघांना बदलापूरला आमच्या फ्लॅटवर नेणार. लेकीचं चुकत नाही. आपल्या घरात पुराचं पाणी येतं. मागच्या पुरात हा माणूस होडी घेऊन गावभर फिरत होता आणि मी माळ्यावर एकटी भांडी कवटाळून बसले होते. आता तर तो स्वतःच उठू शकत नाही. पण फ्लॅटचं नाव काढलं की मामा मान हलवतात आणि भिंतीकडे तोंड करतात. दोन दिवस जेवत नाहीत. सांग, काय करायचं?

शेवटी मीच प्रीतीला म्हटलं, आपली होडी आहे ना, ती दुरुस्त करून दाराशी बांधते, पाणी आलं की ह्यांना घालून नेते. प्रीती आधी हसली, मग रडली. मग म्हणाली, "होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी बुडत नाही, हे मला डोळ्यांनी दाखव. मग राहा."

तर आता होडी. तीच ती फायबरची, मागच्या पुरात विजेच्या खांबाला आपटून फुटलेली. टाक्या दुरुस्त करणारा माणूस आला, त्याने चीर सांधली. पण बैठकीखाली ज्या बंद पेट्या असतात, ज्यांच्या जोरावर होडी भरली तरी वर राहते, त्यातला फोम कुजला होता. पिवळा, पाणी पिऊन जड झालेला. मी खुरप्याने उकरून काढला. तो टाकीवाला म्हणाला थर्माकोल भरा. मी त्याच्याच फायबरच्या औषधाचे दोन थेंब थर्माकोलवर टाकून बघितले, तर थर्माकोल विरघळून भोक पडलं. म्हटलं, बाबा, तू राहू दे.

तू फोममध्येच काम करतोस. चांगला बघून पाठव. मामांचा जीव त्यावर आहे हे लक्षात ठेव.

तुझी,
चांगुणाआत्या


उल्हासनगर, कॅम्प ५
२० जानेवारी

आत्या, जयभीम.

शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा पत्र लिहितोय, अक्षराला हसू नकोस. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

टेन्शन घेऊ नको. फोमचा विषय असेल तर तू बरोबर माणसाला पकडलंस. आपल्याकडे दोन-तीन प्रकार येतात. साधा भरतीचा माल असतो, तो सहा महिन्यांत बसतो, खड्डा पडतो. तसला झोल मी घरच्या माणसाला देणार नाही. तुला चाळीस डेन्सिटी पाठवतोय, एकदम कडक माल. लग्नाच्या सोफ्याला वापरतात तो. तळहाताने दाबून बघ, सोडला की लगेच वर येतो. आमचे शेठ डोळे मिटून नुसत्या दाबण्यावरून सांगतात कुठला आहे ते, मीही आता सांगतो. शेठना सांगितलं होडीसाठी पाहिजे, तर म्हणाले, "साईं, आजतक मेरा माल पानी पे नहीं गया, ले जा." त्यांनी स्वतः कोरी शीट काढून दिली.

पेट्यांची मापं तू पाठवलीच नाहीस, म्हणून अख्खी शीट टेम्पोत टाकली. बदलापूरला माल सोडायला जाणारा ड्रायव्हर चामटोलीपर्यंत येईल. कापायला मोठी सुरी घे, साबण लाव तिला, सरळ कापलं जातं. मामांना सांग, भाच्याने बेस्ट क्वालिटी पाठवली आहे.

तुझा,
आकाश


चामटोली,
४ फेब्रुवारी

चि. आकाशला आशीर्वाद.

फोम मिळाला. फार चांगला आहे, मामांना आवडला. दिवसरात्र कामाला येतोय. शेठनाही माझा नमस्कार सांग.

एक विचारायचं होतं. तुमच्या कॅम्पात चपला बनवणारे आहेत ना? रबरासारख्या हलक्या शीटमधून सोल कापतात, ते. त्यांची तुझी ओळख आहे का? सावकाश कळव, घाई नाही.

वहिनीला, तुझ्या आईला, जयभीम सांग. सर्दीवर काढा देत जा तिला, गोळ्या नकोत.

आत्या


उल्हासनगर, कॅम्प ५
१२ फेब्रुवारी

आत्या,

अगं सरळ लिहायचं ना मामांना चपला पाहिजेत म्हणून, त्यात एवढे आढेवेढे कशाला? ओळख काय, आमच्या मागच्या गल्लीतच बनवतात. आठ नंबरची जोडी पाठवतोय. मागून पट्टा लावून घेतला आहे, म्हणजे उजव्या पायातून निसटणार नाही. मऊ आहे, घरात घालायला हरकत नाही.

इकडे मी सगळ्यांना सांगत सुटलोय की आपला फोम होडीत गेला. पोरं मला कॅप्टन म्हणायला लागली. आई म्हणते, होडीचा फोटो मागव. होडी रंगवली की कळव, रविवारी सगळे येतो.

आकाश


उल्हासनगर, कॅम्प ५
१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता हे लिहितोय. होडी पाण्यात घालू नको. मामांना तर अजिबात बसवू नको.

काल आमच्या गोडाउनमध्ये कोणीतरी नळ चालू ठेवून गेलं. सकाळी शटर उघडलं तर घोट्याएवढं पाणी. खाली चाळीस डेन्सिटीच्या शीटा पडल्या होत्या, तुला पाठवली तीच. उचलायला गेलो तर मला आणि दुसऱ्या कारागिराला मिळून एक शीट हलेना. पिळली तर पाणी येतच राहिलं. शेठ ओरडत होते आणि मी तसाच उभा. माझ्या डोळ्यांसमोर तुमची होडी आली, गं.

आम्ही फोम कसा बघतो, तर बसून. किती दबतो, किती उसळतो, किती वर्षं टिकतो. तो पाण्यात काय करतो हे दुकानात कधी कोणी विचारलंच नाही, आणि मीही विचार केला नाही. सोफ्यासाठी जो नंबर एक, तोच होडीसाठी नंबर एक, असं धरून चाललो. तू लिहिलं होतंस मामांचा जीव त्यावर आहे, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आज दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.

सोमवारी दुकान बंद असतं. मी येतो आणि सगळा काढून टाकतो. प्रीतीताईला सांगू नको प्लीज, ती मला सोडणार नाही.

आकाश


चामटोली,
२४ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या कॅप्टनला,

सोमवारी तू आलास आणि मी नेमकी मामांना घेऊन दवाखान्यात. वस्तीतल्या ठमाबाईने सांगितलं, पोरगा होडीपाशी गेला, पेट्या रिकाम्या बघितल्या आणि पाणी पिऊन निघून गेला. अरे, थांबायचं होतंस घटकाभर. आता नीट वाच.

तुझा फोम होडीत कधी गेलाच नाही. आला त्याच दिवशी एक तुकडा कापून सिमेंटच्या टाकीत टाकला आणि वर पाट्याचा दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला तर ओल्या गोधडीसारखा जड. मी काही हुशार नाही, पण ज्या वस्तूवर नवऱ्याला झोपवून पाण्यात न्यायचं, ती आधी पाण्यात घालून बघणार की नाही?

तुला कळवलं नाही, कारण तू इतक्या हौसेने पाठवला होतास. शेठनी कोरी शीट काढून दिली म्हणालास. कुठल्या तोंडाने सांगू की हा चालत नाही? आणि मी खोटंही लिहिलं नाही. ती शीट मामांच्या खाटेवर आहे. पडून पडून त्यांच्या पाठीला आणि कमरेला जखमा झाल्या होत्या, त्या मी तुम्हाला कोणालाच सांगितल्या नव्हत्या. प्रीतीला कळलं असतं तर त्याच दिवशी गाडी आणली असती तिने. आता त्या सुकत आल्यात. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गादी कुठून आणली? मामांनी तुझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. एवढं लांब ते दिवाळीपासून बोलले नव्हते.

आता चपलांचं. जोडी छान आहे, मामा घालतात, पण मला चपला नको होत्या रे बाबा. मागच्या पुरात मी माळ्यावरून बघत होते. आमच्या गाद्या खाली गेल्या त्या गेल्याच. आणि सगळ्यांच्या चपला मात्र पाण्यावर फिरत होत्या, पाणी ओसरल्यावर कोणाची कोणाच्या दारात. तुझा फोम टाकीतून काढला तेव्हा मला ते आठवलं. त्या चपलांची शीट पाहिजे मला. तीच होडीच्या पोटात भरायची.

मामांना विचारलं. डाव्या हाताने चपलेचा सोल दाबून बघितला, मग म्हणाले, "बरोबर."

आणखी एक गंमत. मामा मला वल्हवायला शिकवताहेत. होडी अंगणात, कोरडी, मी आत बसून हवेत वल्ही मारते आणि हे खाटेवरून डाव्या हाताने दाखवतात. चुकलं की भिंतीवर थाप मारतात. येणारे-जाणारे थांबून बघतात. कौसाबाई म्हणाली, चांगुणाबाई, कुठपर्यंत पोचलात? मी म्हटलं, कल्याणच्या खाडीत आहे, येताना कोळंबी आणते.

आत्या


उल्हासनगर, कॅम्प ५
१० मार्च

आत्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसली आणि मग पदर डोळ्यांना लावला. मी तेवढंही केलं नाही, दुकानात जाऊन काम करत बसलो. पण खरं सांगू, छातीवरचं ओझं उतरलं.

या वेळी डोळे उघडे ठेवून सांगतोय. मागच्या गल्लीतल्या चपलवाल्यांकडून तीन तऱ्हेचे तुकडे आणले. सगळे शेठच्या पाण्याच्या टाकीत बुडवून, जाळीत बांधून, वर लोखंड ठेवून आठवडाभर सोडले. आधी आणि नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं. भुसभुशीत स्वस्त शीट होती तिने थोडं पाणी घेतलं. घट्ट शीटने काहीच घेतलं नाही, नुसती पुसली की कोरडी. पेट्रोलचा हातही लावून बघितला, उद्या कोणी इंजिन बसवलं तर? फार फरक पडला नाही. टाकीवाल्याचं औषधही टाकून बघितलं, शीट टिकली. शेठ रोज टाकीपाशी येऊन विचारायचे, "साईं, मर गया कि जिंदा है?"

ही शीट सोफ्याच्या फोमपेक्षा जड असते, म्हणून पेट्या खच्चून भरायच्या, आणि पुढच्या टोकातही भरायची. तुटके तुकडे नको, एकावर एक थर देऊ. आणि पेट्या पुन्हा कायमच्या बंद करायच्या नाहीत. आधीचा फोम आत कुजला ते कोणाला कळलं का? झाकणाला स्क्रू लावू, दर उन्हाळ्यात उघडून बघता येईल. माल येत्या सोमवारी घेऊन येतो आणि स्वतः भरतो. या वेळी पळून जाणार नाही.

प्रीतीताईचा फोन आला होता. बरीच चिडली होती. म्हणाली, तू आईला नादी लावतोयस, उद्या काही झालं तर तू येणार आहेस का पुरात? तिचा राग कळतो गं. ती रोज ऑफिसातून घरी येताना पुलावरून नदीचं पाणी बघते. आपण घाबरत नाही असं नाही, पण तिच्या वाट्याला लांबून घाबरणं आहे.

आकाश


चामटोली,
१९ मे

चि. आकाशला आशीर्वाद.

तुला ताप आला म्हणून काल येता आलं नाही, तर सगळं सविस्तर लिहिते. मन थाऱ्यावर नाही, अक्षर सांभाळून घे.

डोहाशी गेलो. नदीला आता तेवढंच काय ते पाणी आहे. गावातले चार तगडे गडी होते, प्रीती होती, जावईही आले होते. मामांना खुर्चीत बसवून काठावर आणलं. होडीत माणसांच्या वजनाची रेतीची पोती ठेवली आणि मग तळाचं बूच काढलं. पाणी आत आलं. होडी खाली जायला लागली तशी प्रीतीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. काठ पाण्याच्या बरोबरीला आले आणि तिथेच थांबले. आत पाणी, बाहेर पाणी, आणि होडी तशीच. गड्यांनी वर चढून दाबली, तरी बुडाली नाही. तू दोन दिवस गुडघ्यांवर बसून भरलेले थर होते ते. मी तुझं नाव घेतलं, खरंच.

मग मामा म्हणाले, "मी." प्रीती नाही म्हणाली, जावई नाही म्हणाले. मी म्हटलं, बसू दे त्यांना, पाणी कमरेएवढंच आहे. त्यांच्या गळ्यात टायरची ट्यूब घातली आणि चौघांनी उचलून त्या भरलेल्या होडीत बसवलं. छातीपर्यंत पाण्यात बसले. डावा हात काठावर फिरवला. चेहरा असा झाला होता की मी बघू शकले नाही, दुसरीकडे बघितलं.

प्रीती रडत म्हणाली, बाबा, जिंकलात, राहा इथे, मी आता काही बोलणार नाही.

आणि तेव्हा मामा म्हणाले, "नाही. येतो. तुझ्याकडे."

मला वाटलं, पाण्याने गारठले, भलतंच बोलताहेत. त्यांनी वस्तीच्या खालच्या अंगाला हात केला, जिथे ठमाबाई, कौसाबाई राहतात, पाणी पहिल्यांदा शिरतं तिथे. म्हणाले, "त्यांना कोण?" मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू. राहा."

आकाश, आत्ता कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. घर सोडवत नाही म्हणून हा माणूस उपाशी राहत होता, असंच आम्ही धरून चाललो. घराचं त्यांना काही नव्हतं रे. दर पुरात खालच्या वस्तीतली म्हातारी-कोतारी हेच बाहेर काढायचे. आपण गेलो तर त्यांचं कोण, हे पोटात होतं, आणि ते सांगायला तोंडात शब्द नव्हते. मला वल्हवायला शिकवत होते ते स्वतःला नेण्यासाठी नव्हे, खालच्या वस्तीसाठी. मला वाटलं, मी यांच्यासाठी होडी करतेय.

मला राग आला. खूप आला. म्हटलं, लग्न झाल्यापासून चार दिवसांवर माहेरी राहू दिलं नाहीस, आणि आता म्हणतोस तू राहा? तुला कूस कोण बदलून देणार? औषध कोण देणार? सगळ्यांसमोर बोलले. मग मलाच रडू आलं.

प्रीती म्हणते, आई, तू वेडी आहेस का, तूही चल. धारेच्या पाण्यात जायचं नाही, वस्तीत तुंबतं तेवढ्याच पाण्यात, बांधाच्या अलीकडे, आणि बरोबर दोन गडी, असं मी कबूल केलं तरी ती ऐकत नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण अंगणवाडीतली माझी किती पोरं त्या खालच्या वस्तीत वाढली. मी फ्लॅटच्या खिडकीत बसून काय करू?

तू काय म्हणतोस? कोणीतरी मला हो म्हणा.

आत्या


उल्हासनगर, कॅम्प ५
२४ मे

आत्या,

हो.

दोन लाईफ जॅकेट पाठवतोय, दोन्ही टाकीत बुडवून बघितली आहेत. मामांची कूस मी आणि तुझे जावई बदलू. पावसात शेठकडे ऑर्डर कमी असतात, मी बदलापूरला जाऊन राहीन.

आकाश


बदलापूर, प्रीतीताईचं घर
२७ जुलै

आत्या,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. काल वस्तीत पाणी शिरल्यापासून तुझा फोन लागत नाही. आज दुपारी ठमाबाईच्या मुलाचा निरोप आला, कौसाबाई, तिचे नातू आणि खालच्या वस्तीतली सगळी म्हातारी माणसं शाळेत पोचली, आणि कोणी मागे राहिलंय का बघायला तू पुन्हा एक फेरी मारायला गेलीस. प्रीतीताईने निरोप ऐकला. मग सगळ्यांसाठी चहा टाकला, त्यात मीठ घातलं. सगळे तसाच प्यायलो.

मामा बरे आहेत. पाठ कोरडी आहे, मी रोज बघतो. कालपासून त्यांना बाल्कनीत बसायचं असतं. नदी इथून दिसत नाही, समोर दुसरी बिल्डिंग आहे, तरी तिकडेच तोंड करून बसतात. जेवतात, झोपायला मात्र तयार नसतात.

मघाशी समोरच्या फ्लॅटमधल्या बाई विचारपूस करायला आल्या. नवीन राहायला आल्यात, त्यांना काही माहीत नाही. मामांना वाकून मोठ्याने म्हणाल्या, "काका, काकू दिसत नाहीत कुठे?"

प्रीतीताई उत्तर द्यायला पुढे झाली. मामांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. मान ताठ केली, ओठ जुळवायला वेळ लागला. बाई थांबून राहिल्या.

"कामावर," मामा म्हणाले.

तुझा,
आकाश